पंखा हलला का?

"काका, डेड आहे." घरी असेंबल केलेला पीसी माझ्या टेबलावर ठेवून पोरं एवढंच सांगतात. मी विचारतो, बटण दाबल्यावर काय होतं? "काहीच नाही" हे उत्तर मी लगेच मान्य करत नाही. पंखा किंचित हलून थांबतो का? पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते? की खरोखरच सगळं ढिम्म? हे तीन निरनिराळे बिघाड आहेत. ते वेगळे न करता लोक आधी नवा एसएमपीएस घेतात, मग नवा मदरबोर्ड, आणि पीसी जिथल्या तिथे.

जुन्या एटी कॅबिनेटचं बटण थेट 230 व्होल्टची लाइन तोडायचं-जोडायचं. 1995 मध्ये इंटेलनं एटीएक्स आणलं आणि बटणाचं कामच बदललं. आता मागचा स्विच ऑन असला की एसएमपीएस जांभळ्या वायरीतून पाच व्होल्ट सतत देत राहतो आणि तेवढ्यावर मदरबोर्डाचा एक कोपरा जागा असतो. बटण तिथे नुसता अर्ज करतं. मंजूर झाला, तर बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला लावतो आणि मगच बारा व्होल्ट सुरू होतात.

म्हणून पीसी ढिम्म असेल, तर मल्टिमीटर आधी जांभळ्या वायरीवर. 4.75 ते 5.25 यांच्या मधला आकडा हवा. शून्य आला, तर भिंतीतला पॉइंट, पॉवर केबल, मागचा स्विच आणि शेवटी एसएमपीएस. पाच व्होल्ट येत असतील, तर मला कॅबिनेटच्या बटणाचाच संशय येतो. त्याची वायर काढून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. पीसी सुरू झाला, तर खर्च फक्त बटणाचा.

हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडून एसएमपीएस तपासण्याची युक्ती हल्ली सगळ्यांना पाठ आहे. माझा तिच्यावर अर्धाच भरवसा. लोड नसताना पास झालेला एसएमपीएस लोड आल्यावर मान टाकू शकतो. उलट काही नव्या मॉडेलांचा पंखा कमी लोडला फिरतच नाही, म्हणून धडधाकट एसएमपीएस भंगारात जातो.

मला सगळ्यात आवडतो तो किंचित हलून थांबणारा पंखा. गिऱ्हाईक घाबरतं, मी खूश होतो. अर्ज मंजूर झाला, एसएमपीएस उठला, कुठेतरी शॉर्ट दिसला आणि त्यानं स्वतःला बंद करून घेतलं. म्हणजे तो बहुतेक वेळा शाबूत असतो. अशा वेळी नवं काही जोडायचं नाही, काढत जायचं. केबल उपटून थोडं थांबायचं, एक वस्तू कमी करायची, पुन्हा बटण. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पुढच्या यूएसबीची वायर.

इंजिनिअरिंगच्या एका मुलाचा पीसी असाच आला होता. सगळं काढलं तरी पंखा तेवढाच हलायचा. मग बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच स्टिक. लगेच सुरू! पुन्हा कॅबिनेटमध्ये कसला की बंद. बोर्ड होता मायक्रो-एटीएक्स, कॅबिनेट मोठं. मोठ्या बोर्डासाठी आधीच बसवलेला एक पितळी स्टड, जिथे या बोर्डाला भोकच नव्हतं, तिथे मागच्या सोल्डरला टेकत होता. पक्कडीनं तो काढला आणि काम संपलं. मुलानं नवा एसएमपीएस तोवर घेतलेला होता. तो परत करता येतो का बघ, म्हटलं.

वर सांगितलेलं बरंचसं घरी करून बघण्यासारखं आहे. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि केबल काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहू शकतात.