रॅपिड क्रीकच्या बाजारातलं तिमोर

जुलैत पाऊस नसतो, हे माझ्यासारख्या पेडण्याच्या माणसाच्या गळी उतरायला डार्विनमध्ये चार दिवस लागले. रविवारी सकाळी पुतण्या रॅपिड क्रीकच्या बाजारात घेऊन गेला. कारली, कच्ची पपई, लेमनग्रासच्या जुड्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजारच, फक्त गलका कमी.

कारली विकणाऱ्या बाई पूर्व तिमोरच्या. मी गोव्याचा म्हटल्यावर त्या हसल्या आणि आमचा शब्दांचा खेळ सुरू झाला. मी पांव म्हणालो, त्या पाऊन. मी साबांव, त्या साबाऊन. मेज तर दोघांचं सारखंच. १८४४ पर्यंत पोर्तुगीज तिमोरचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता, हे वाचून माहीत होतं; त्या कारल्यांच्या ढिगापाशी ते कानांनी ऐकलं.

आमच्याकडचे पोर्तुगीज १९६१ साली गेले. तिमोरमधले १९७५ साली निघायच्या बेतात होते, तेवढ्यात घरातच जुंपली. ११ ऑगस्टला यूडीटी पक्षानं राजधानी डिलीत उठाव केला. पोलीस ठाणं, विमानतळ, रेडिओ असं सगळं त्यांनी पटकन हाती घेतलं. डाव देखणा होता, पण एक जागा राहून गेली: लष्कराच्या छावण्या. पोर्तुगीज सैन्यातले बहुतेक शिपाई तिमोरीच होते आणि त्यांचा ओढा फ्रेटिलिन या विरोधी पक्षाकडे. फ्रेटिलिनचे पुढारी निकोलाऊ लोबातो डिलीच्या दक्षिणेच्या डोंगरात, आयलेऊला, जाऊन बसले होते. त्यांचा भाऊ रोजेरिओ सैन्यात अधिकारी. २० ऑगस्टला फ्रेटिलिननं डिलीतलं लष्करी मुख्यालय घेतलं आणि शस्त्रागार आपसूक हाती आलं. आठवडाभरात यूडीटी शहराबाहेर, पश्चिमेला सरहद्दीच्या दिशेनं. पोर्तुगीज गव्हर्नर लेमोस पिरिस समोरच्या अताउरो बेटावर निघून गेले. मला विचाराल तर लढाई बंदुकांनी जिंकलीच नाही. बंदुका कुणाच्या खांद्यावर आहेत, ते ज्यानं आधी ओळखलं त्यानं जिंकली.

त्या तीन आठवड्यांत मेलेल्यांचा अंदाज दीड ते तीन हजार.

‘तुम्ही कधी आलात?’ मी विचारलं. ‘त्याच महिन्यात, बोटीनं. सात वर्षांची होते.’ आईनं शिवणयंत्राचं नुसतं डोकं चादरीत बांधून आणलं होतं. लाकडी पाय डिलीत राहिले. बोलता बोलता बाईंनी कारल्यांत दोन मिरच्या फुकट टाकल्या.

ज्या डार्विननं या लोकांना उतरवून घेतलं, ते स्वतःच तेव्हा बेघर होतं. १९७४ च्या नाताळच्या पहाटे आलेल्या ट्रेसी वादळानं शहरातली बहुतेक घरं पाडली होती आणि तीस हजारांहून जास्त माणसं बाहेर हलवावी लागली होती. आठ महिन्यांनी हे पाहुणे आले.

पुढचं दुपारी स्टोक्स हिल धक्क्यावर बसून पुतण्यानं सांगितलं. जिंकलेल्या फ्रेटिलिननं २८ नोव्हेंबरला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य डिलीत उतरलं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, आणि हा तिसरा चोवीस वर्षं हलला नाही. डोंगरातून फ्रेटिलिनचे आलारिको फर्नांडिस रेडिओवर बोलत. ते ऐकायला आणि उत्तर द्यायला डार्विनबाहेरच्या रानात काही माणसं चोरून यंत्र लावून बसत. पोलिसांनी एक जप्त केलं की दुसरं उभं करत. ऑस्ट्रेलियाचं सरकार तेव्हा जकार्ताला दुखवायला तयार नव्हतं. त्याच ऑस्ट्रेलियाच्या पुढारीपणाखाली सप्टेंबर १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतिसेना डिलीला गेली, तीही याच शहरातून. मला यात अभिमानापेक्षा उशीरच जास्त दिसतो.

निकोलाऊ लोबातो ३१ डिसेंबर १९७८ रोजी डोंगरात लढताना मारले गेले. डिली इथून सुमारे सातशे किलोमीटर. जिथे विमान उतरतं, त्या विमानतळाला आता त्यांचंच नाव आहे.