ब्यूलीचा जुना बाजार

इंग्लंडच्या दक्षिणेस, हँपशायर परगण्यात, न्यू फॉरेस्ट नावाचे एकेकाळच्या राजांच्या शिकारीचे रान आहे. तेथील तट्टे रस्त्यांवरून मोकळी हिंडतात आणि मोटारी त्यांच्यासाठी थांबतात. या रानातील ब्यूली गावी १२०४ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष असून शेजारीच राष्ट्रीय मोटार संग्रहालय आहे. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार तेथे १९६७ साली प्रथम भरला. गेल्या सप्टेंबरात पुतण्यासमवेत मी तेथे गेलो, तेव्हा हिरवळीवर मांडलेले ते गंजके वैभव पाहून आपल्या बडोद्याचा शुक्रवारी बाजार आठवला. फरक इतकाच की येथली घासाघीस हलक्या आवाजात चालते.

पुतण्याजवळ जुनी मिनी आहे. या चिमुकल्या गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची रॅली जिंकली, ती ‘कूपर एस’ या तिच्या वेगवान अवतारात. त्या इंजिनाचे सिलिंडर हेड मिळावे म्हणून त्याने वर्षभर पैसे साठवले होते. एका वृद्ध विक्रेत्यापाशी ते दिसले. चिठ्ठीवर ‘कूपर एस’, लोखंडात ओतलेला क्रमांक १२जी९४०. पुतण्याचा हात खिशाकडे गेला.

परंतु हाच क्रमांक तेराशे सी.सी.च्या साध्या घरगुती गाड्यांच्या हेडवरही आढळतो. (आरंभीच्या काही ‘एस’ हेडवर एईजी१६३ असतो.) क्रमांक ओतकामाचा, पुढे त्यावर कोणते काम झाले, हे तो सांगत नाही. ‘एस’चे हेड अकरा ठिकाणी आवळलेले असते, साधे बहुधा नऊ ठिकाणी. येथे भोके अकराच होती. पण दोन भोके मागाहूनही पाडता येतात! आपल्या प्राच्यविद्या मंदिरातील पंडितांनी रामायणाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना एकाच पोथीच्या साक्षीवर भिस्त ठेवली नव्हती, हे मला आठवले.

“अरे, आणखी एक साक्ष काढ,” मी म्हणालो.

“काका, व्हॉल्व्ह मोजतो.”

‘एस’चा इंधनमिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह ३५.६ मिलिमीटर व्यासाचा. हा कॅलिपरमध्ये जेमतेम ३३ भरला. पुतण्याचा चेहरा उतरला.

विक्रेता रागावला नाही. चष्मा पुसून त्याने स्वतः दोनदा मोजले, मग मुकाट्याने चिठ्ठीवरचा ‘एस’ खोडला आणि किंमत निम्म्याहून खाली आणली. पुतण्याने ते घेतलेच. मोठे व्हॉल्व्ह त्यात पुढे बसवता येतात. ते जड लोखंड आम्ही दोघांनी आळीपाळीने मोटारीपर्यंत वाहून नेले. वाटेत एक तट्टू आडवे उभे होते. ते हलेपर्यंत आम्हीही थांबलो.