नकाशालाही प्रश्न नीट विचारा

"आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" हे वाक्य मी तुम्हाला वर्गात शंभरदा तरी ऐकवलं असेल. पण मला स्वतःला ते एकदा रस्त्यावर शिकावं लागलं. त्याचीच ही गोष्ट.

३१ ऑगस्ट २०२१. मुसळधार पावसाने कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि घाटाखाली चाळीसगावला तितूर व डोंगरी नद्यांना पूर आला. माझी ताई चाळीसगावला राहते. तिच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं भिजलं. फोनवर ती "काळजी करू नका, आम्ही ठीक आहोत" एवढंच म्हणायची, पण आवाजावरून कळत होतंच. पाऊस जरा उघडला तसं डाळ-तांदूळ, चादरी, पिण्याच्या पाण्याचे कॅन गाडीत भरून आम्ही दोघं निघालो.

एरवीचा रस्ता सरळ आहे. वेरूळ, कन्नड, मग घाट उतरला की चाळीसगाव. नव्वदेक किलोमीटर. पण घाट बंद होता. भाऊजींनी फोनवर दुसरा रस्ता सांगितला : देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव आणि तिथून चाळीसगाव. लाईट बिलाच्या पाठीमागे मी ती नावं लिहून घेतली खरी, पण बिल पर्समध्ये टाकून दिलं. फोन असताना कागद कशाला?

गाडी हे चालवत होते. फोन माझा, म्हणजे रस्ता सांगायचं काम माझं. शिऊर बंगल्याच्या पुढे फोनने एका बारीक रस्त्याला वळायला सांगितलं. १४ मिनिटं वाचणार होती. हे म्हणाले, "रस्ता लहान वाटतोय गं." मी म्हटलं, "मॅप दाखवतोय ना? चला."

थोड्याच वेळात डांबर संपलं, मुरूम लागला, मग नुसता काळा चिखल. शेवटी आला एक फरशी पूल. फरशीवरून गढूळ पाणी वेगाने चाललं होतं. फोनवरची निळी रेघ मात्र खुशाल पलीकडे गेलेली! अलीकडे बाभळीखाली एक आजोबा शेळ्या घेऊन उभे होते. त्यांनी लांबूनच हात हलवला आणि जवळ येऊन म्हणाले, "काल म्हैस गेली वाहून इथून. गाडीचं काय घेऊन बसलात? फिरा मागं."

गाडी वळवायलाही जागा नव्हती. बरंच अंतर रिव्हर्स घ्यावी लागली. तोवर रेंज गेली. स्क्रीनवर आमचा ठिपका दिसत होता, पण त्याच्याभोवती कोरं पान! तेव्हा पर्समधलं लाईट बिल बाहेर आलं. गावांची नावं विचारत, मैलाचे दगड बघत आम्ही मुख्य रस्त्याला लागलो. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, हे भूगोलात शिकवलेलं त्या दिवशी उपयोगी पडलं. रात्री पोचलो तेव्हा ताई मेणबत्ती घेऊन दारात उभी होती. काही बोलली नाही, नुसता हात धरला.

दुसऱ्या दिवशी फोन उघडून पाहिला आणि चूक सापडली. रोज शाळेत मी स्कूटीने जाते, म्हणून ॲपमध्ये दुचाकीची खूण निवडलेली होती. मी कारने निघाले, पण ॲपला विचारत होते, "स्कूटीने लवकर कसं जायचं?" त्याने विचारल्याचं उत्तर दिलं.

ॲप कुठलंही घ्या, ते मुख्यतः अंतर आणि वेळ मोजतं. रस्त्यावर आधी गेलेल्या फोनच्या वेगावरून गर्दीचा अंदाज बांधतं. ज्या रस्त्याने फारसं कुणी जात नाही तिथे तो अंदाज कच्चा असतो. आणि पुलावर किती पाणी आहे हे त्याला दिसत नाही. त्याच वर्षी जानेवारीत, अकोले तालुक्यात कोतूळजवळ, रात्री एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि त्यात एकाचा जीव गेला. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगायला लागते, हे लक्षात ठेवा.

मग ॲप कोणतं निवडायचं? शहरातल्या आणि महामार्गावरच्या गर्दीसाठी मी गूगल मॅप्स वापरते. मॅपमायइंडिया या १९९५ पासूनच्या भारतीय कंपनीचं मॅपल्सही चांगलं आहे. पण लांबच्या प्रवासाला एक ॲप असं हवं, जे रेंज नसतानाही चालेल. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये अख्ख्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो. तो जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा असतो. गूगल मॅप्समध्येही नकाशा उतरवता येतो, पण नेट नसताना त्यात गर्दी कळत नाही. आपण कुठे आहोत हे उपग्रह सांगतात, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाला. आमचा ठिपका कोऱ्या पानावर का दिसत होता, ते आता कळलं ना?

निघण्यापूर्वी आता मी तीन गोष्टी बघते. वाहन कोणतं निवडलंय? 'टोल टाळा' किंवा 'महामार्ग टाळा' चुकून चालू राहिलंय का? नकाशा उतरवलाय का? वाहनाचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कन्नड घाटात जड वाहनांना बंदी आली. म्हणजे आमच्या कारला दाखवलेला रस्ता ट्रकवाल्या काकांना चालेलच असं नाही. चौथं काम म्हणजे पुढच्या गावात एक फोन. आणि चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला नियमात ऑक्टोबर २०२० पासून मुभा आहे, पण लक्ष विचलित होता कामा नये, अशी अट आहे.

ते लाईट बिल अजून आमच्या गाडीच्या कप्प्यात आहे. चिखलाचा डाग पडलाय, तरी नावं वाचता येतात.

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या गावाला पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्याला रस्ता दहा ओळींत लिहून द्या. पावसाळ्यात कुठल्या रस्त्याने यायचं नाही, हे मात्र विसरू नका. ते तुम्हालाच माहीत असतं.