गोयाचे घुबड नेमके काय सांगते?

फ्रान्सिस्को गोयाच्या ‘लोस काप्रिचोस’ या १७९९ मधील मुद्राचित्रमालेत ८० चित्रे आहेत. त्यांतील ४३ वे सर्वांत परिचित. मेजावर डोके टेकून चित्रकार झोपला आहे आणि पाठीमागच्या काळोखातून घुबडे व वटवाघळे त्याच्यावर उतरत आहेत.

घुबड दिसताच युरोपीय कलेच्या अभ्यासकाला अथेनाचे ज्ञान आठवते. मराठी वाचकाला लक्ष्मीचे वाहन, नाहीतर अपशकुन. यांपैकी कोणताही अर्थ तसाच उचलून माद्रिदमध्ये नेणे धोक्याचे. तत्कालीन स्पेनमध्ये घुबड हे बहुधा मूढतेचे चिन्ह होते. या मालेतील पक्षी पुराणकथांपेक्षा बोलीतून अधिक आले आहेत. विसाव्या चित्रात स्त्रिया पिसे उपटलेल्या, माणसाच्या तोंडाच्या पक्ष्यांना झाडूने हाकलतात. स्पॅनिशमध्ये ‘पिसे काढणे’ म्हणजे लुबाडणे. आपल्या ‘मुंडण्या’चाच हा भाऊबंद!

१७९७ च्या कच्च्या रेखाटनाखाली गोयाने लिहिलेला आशयही याला पूरक आहे: कलावंत स्वप्न पाहत आहे आणि अपायकारक लोकसमजुती हद्दपार करणे हाच त्याचा हेतू आहे.

मात्र एक घुबड या अर्थात सहज बसत नाही. ते झोपलेल्या चित्रकारापुढे खडूची कांडी धरून आहे. मूढता कलेचे हत्यार का पुरवील? शिवाय शीर्षकातील ‘सुएन्यो’ या शब्दाचे निद्रा आणि स्वप्न असे दोन्ही अर्थ होतात. विवेक झोपला म्हणून राक्षस उपजले, की विवेकाच्याच स्वप्नातून ते जन्मले? पहिला अर्थ घेतला तर हे चित्र प्रबोधनयुगाचे समर्थन ठरते. दुसरा घेतला तर त्याच युगावरील संशय.

तरीही मालेतील इतर चित्रे शेजारी ठेवली की कांडीचे कोडे बरेच सैल होते. चेटकिणी, लोभी भिक्षू, गाढव-वैद्य: गोयाला विषय पुरवले ते मूर्खपणानेच. तेव्हा घुबडाला शहाणे ठरवण्याची गरज उरत नाही. ते मूर्ख आहे, म्हणूनच चित्रकाराच्या उपयोगाचे आहे.

हे संच माद्रिदच्या देसेंगान्यो, म्हणजे ‘भ्रमनिरास’ नावाच्या रस्त्यावर, अत्तरे व मद्ये विकणाऱ्या दुकानात ३२० रेआलना विक्रीस होते. विक्री लवकरच थांबली. १८०३ मध्ये गोयाने तांब्याचे पत्रे आणि उरलेले २४० संच राजा चौथ्या कार्लोसच्या स्वाधीन केले. मुलासाठी त्याला निवृत्तिवेतन मिळाले. घुबडे राजाच्या मुद्रणालयात गेली.