ड्रोन वर नेण्याआधी

लग्नाचं शूटिंग असो की धानाची फवारणी, बोलावणारा माणूस एकच विचारतो: इथे ड्रोन उडवता येतो ना? आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकात कुणालाही विचारा, ‘येतो की’ असंच उत्तर मिळेल. विमानतळ लांब आहे, मग अडवणार कोण? मला एवढ्यावर समाधान नाही. ड्रोन हाताळणं लवकर जमतं. आज, या जागी, या उंचीवर मुभा आहे का, याचं खात्रीचं उत्तर मिळवणं हे या कामातलं खरं कसब आहे.

मूळ आधार 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांचा आणि त्याच वर्षी सप्टेंबरात डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर खुल्या झालेल्या नकाशाचा. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. मात्र विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं 200 फुटांवरच संपतं आणि त्यावर पिवळं सुरू होतं. रंग जमिनीला नाही, उंचीसकट आकाशाला दिलेला आहे. नकाशा वाचताना बहुतेकांची गफलत इथेच होते.

आमच्या जिल्ह्यात हे वर्तुळ बिरसी विमानतळाचं. इंग्रजांच्या काळातली ही धावपट्टी. आता तिथे वैमानिक घडतात, आणि डिसेंबर 2023 पासून इंडिगोची प्रवासी सेवाही सुरू झाली. आमचा सडक अर्जुनी तालुका त्या वर्तुळाच्या पार बाहेर आहे. पण गोंदियाकडचं काम घेतलं की अंतर मोजावंच लागतं, आणि तेही विमानतळाच्या हद्दीपासून. शिकाऊ वैमानिकाचं लहान विमान आकाशात असताना आपल्याकडून अंदाजाने काही होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

नकाशा एकदा पाहून ठेवण्याची वस्तू नाही. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाचा अधिकारी एखादं क्षेत्र जास्तीत जास्त 96 तासांसाठी तात्पुरतं लाल करू शकतो. त्यामुळे प्रत्येक उड्डाणाआधी डिजिटल स्काय तपासणं नियमानेच बंधनकारक आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणारा कालचा स्क्रीनशॉट आज निरुपयोगी. मे 2025 मध्ये देशातले 32 विमानतळ काही दिवस प्रवासी वाहतुकीसाठी बंद होते. आकाशाची स्थिती किती झटक्यात बदलते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

ड्रोन कंपनीच्या अॅपमधला नकाशा तर मी पुरावा म्हणून धरतच नाही. डीजेआय या ड्रोन कंपनीने जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत आपली उड्डाण अडवणारी जुनी व्यवस्था काढून नुसत्या इशाऱ्यांवर आणली. अॅपने अडवलं नाही म्हणजे कायद्याने परवानगी दिली, असं होत नाही.

आणि आमच्या तालुक्यात सगळ्यात महत्त्वाचं ते विमान वाहतुकीच्या रंगांच्या पलीकडेच आहे. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांमधला वन्यजीवांचा मार्ग इथला महामार्ग ओलांडून जातो. 2013 पासून ही जंगलं व्याघ्र प्रकल्पात आहेत. अभयारण्यात शिरायला आणि छायाचित्रणाला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे परवानगी लागते, वरचं आकाश हिरवं असलं तरीही. गावाच्या धुऱ्यापासून झुडपी जंगल सुरू होतं, तेव्हा हद्द नेमकी कुठे, हे वनरक्षकाला विचारलेलं बरं. दुसरी चौकशी डुग्गीपार पोलीस ठाण्यात. मिरवणूक, निवडणूक किंवा मंत्र्यांचा दौरा असला की बंदीचे आदेश निघतात, आणि ते ठाण्यात आधी कळतात. नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या या जिल्ह्यात अनोळखी ड्रोन पाहून माणसं घाबरली, तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने गावंच्या गावं जागली होती. म्हणून सरपंच किंवा पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवतो. नियमात नसलं तरी.

प्रशासनाला एकच विनंती आहे. बंदीचा आदेश निघाला की त्याच दिवशी तो मराठीत, गावांची नावं आणि सुरुवात-शेवटाची वेळ घालून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. बांधीवर उभा असलेला फवारणीवाला तो तिथे नक्की वाचेल.