राणी पाकोळी

भाईंदरच्या ज्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो, तिच्या वरच्या मजल्यावरून पूर्वेकडे डोंगरांची एक निळसर रांग दिसे. मुलांनो, तुमच्याच वयाच्या विद्यार्थ्यांना मी खिडकीपाशी नेऊन सांगत असे, “आपण सारे एका बेटावर राहतो.” मुले हसत. त्यांचा दोष नव्हता. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस समुद्र. पण लोहमार्गाचे नि रस्त्यांचे पूल झाल्यापासून साष्टी हे बेट आहे, याचा सर्वांना विसरच पडला आहे. त्यातून हे बेट ज्वालामुखीच्या दगडाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त रस उसळला, थरांवर थर साचले, आणि त्यांतूनच सह्याद्री व हे डोंगर घडले. कान्हेरीची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. आज त्या डोंगरांवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य पसरले असून त्याची उत्तरेकडील कड आपल्या शहरातील चेणे गावाला येऊन टेकते.

हे सारे मी रंगवून सांगत असे. मात्र त्या डोंगरात कोण राहते, याची माझी ओळख पुस्तकापुरतीच होती.

2008 सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. सातवीच्या वर्गात गलका ऐकून मी आत शिरलो. चेण्याजवळच्या एका पाड्यावरून चालत येणारा एक अबोल मुलगा मधल्या बाकावर बसला होता आणि साऱ्या वर्गाने त्याला गराडा घातला होता. त्याच्यापुढे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली. मी झाकण उघडले. आत काटेरी डहाळ्या, गर्द पाने आणि पानांवर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या! मी डबा जवळ घेताच एका अळीने डोक्यामागून तांबडे, दुभंगलेले शिंग बाहेर काढले आणि असा उग्र दर्प सुटला, की मी दचकून मागे सरलो. वर्ग खदखदून हसला.

त्या हसण्याने मी ओशाळलो, आणि ओशाळलेपण झाकण्यासाठी रागावलो. “शाळा विद्येसाठी आहे, किड्यांसाठी नाही,” असे म्हणून मी डबा खिडकीबाहेर रिकामा केला. खाली फरसबंद अंगण होते.

“सर, त्यांची निळी फुलपाखरं होणार होती,” एवढेच तो म्हणाला. मी रिकामा डबा त्याच्या हातात ठेवला आणि निघून गेलो. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. त्याला घरची अडचण हे कारण असल्याचे मला सांगण्यात आले. ते खरेही असेल.

त्यानंतर सात वर्षांनी, 2015 साली, महाराष्ट्राने एका फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे आपले राज्य देशात पहिले. त्याचे नाव राणी पाकोळी. कोणी त्याला निळवंत असेही म्हणतात. ते मुख्यतः सह्याद्रीत, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळते. पंख पसरले म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा ते पंधरा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या वितीएवढे! पुढचे पंख काळ्या मखमलीचे, त्यांवर निळसर फराटे. मागचे पंख फिक्या निळ्या रंगाचे, त्यांवर काळे ठिपके. वर्तमानपत्रात त्याचे मोठे चित्र होते. ते पाहून मी सुखावलो. मग नजर खालच्या लहान चित्रावर गेली. ती त्याची अळी होती. हिरवी, जाड, डोक्यामागे तांबडे शिंग उभारलेली.

चहा निवून गेला तरी मी तसाच बसून होतो.

पुढे मी या अळीविषयी मिळेल ते वाचले. कोवळेपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. खाण्याची इच्छा कोणास होईल? मोठी झाली की पानाचा हिरवा रंग घेते आणि तिच्या अंगावर डोळ्यांसारख्या खुणा उमटतात, त्यामुळे ती एखाद्या लहानशा सापासारखी भासते. इतक्यानेही शत्रू हटला नाही, तर ते दर्पाचे शिंग. पक्षी नि मुंग्या त्याला भितात. मुख्याध्यापकही भितात, हे मी स्वानुभवाने सांगतो. तिचा आहार मात्र ठरलेला: माकडलिंबू, पपनस अशी लिंबाच्या कुळातील झाडे. ती झाडे तोडली, की फुलांनी भरलेल्या बागेतही राणी पाकोळीला अंडे घालण्यास जागा उरत नाही.

दूर पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. तीही ज्वालामुखीतूनच वर आलेली. तेथील राजघराण्याचे नाव धारण करणारे कामेहामेहा फुलपाखरू त्या बेटांखेरीज जगात कोठेही नाही. त्याची अळी मुख्यतः मामाकी नावाच्या झाडाची पाने खाते. 2009 साली ते हवाई राज्याचा मानाचा कीटक ठरले. आणि त्यासाठी पुढाकार घेतला होता तेथील पाचवीच्या विद्यार्थ्यांनी. हे वाचताना मला आमच्या शाळेचे अंगण आठवल्यावाचून राहिले नाही.

निवृत्तीनंतर मी आमच्या इमारतीच्या आवारात पपनसाचे एक रोप लावले. तिसऱ्या वर्षी त्याची पाने कुरतडलेली दिसू लागली. माळी औषधाचा पंप घेऊन आला, तेव्हा मी रोपापुढे उभा राहिलो. शेजाऱ्यांनी माझ्याविषयी काय तर्क केले असतील ते असोत! एक अळी तेवढी वाचली. तिने रेशमाच्या धाग्याने स्वतःला डहाळीशी बांधून घेतले आणि तिचा हिरवा कोश झाला. पंधराव्या दिवशी पहाटे कोश फुटला. ओले, चुरगळलेले पंख घेऊन ते डहाळीला लटकले होते. ऊन चढले तसे पंख ताठ झाले, आणि ते निळे ओझे गच्चीवरून डोंगराच्या दिशेने गेले.

गेल्या श्रावणात मी चेण्याला गेलो. विचारीत विचारीत त्या मुलाचे घर सापडले. आता तो तिशीचा गृहस्थ आहे, रिक्षा चालवतो. त्याने मला ओळखले, चहा दिला आणि काही न विचारता ओढ्याकाठी घेऊन गेला. ओल्या वाळूवर दोन राणी पाकोळ्या क्षार शोषीत बसल्या होत्या. पलीकडे काट्यांचे एक झाड होते, तेच माकडलिंबू.

“त्या डब्याची गोष्ट…” मी कसेबसे बोललो.

“पाच होत्या, सर,” तो म्हणाला.

मग तो खाली वाकला आणि एकेक पान उलटून मला अंडी दाखवू लागला.