अन्नावरची वासना

'अन्नावरची वासना उडणे' हा वाक्प्रचार आपण आजाऱ्याविषयी बोलताना इतक्या सहजपणे वापरतो की त्यातल्या 'वासना' ह्या शब्दाकडे लक्षच जात नाही. एरवीच्या मराठीत हा शब्द आता जवळजवळ एकाच अर्थाने उरला आहे. त्याचा जुना, व्यापक अर्थ टिकून राहिला तो आजाऱ्याच्या खाटेजवळ. ह्या शब्दाचे नाते 'वस्', म्हणजे राहणे, ह्या धातूशी सांगितले जाते, तसेच गंध ह्या अर्थाच्या 'वास'शीही. फुलांच्या सहवासात ठेवलेल्या तिळांना फुलांचा वास लागतो, फुले काढून घेतली तरी तो तिळांत राहतो. तशी अनुभवाची चित्तात मागे राहिलेली खूण ती वासना, असे स्पष्टीकरण बौद्धांच्या योगाचार परंपरेत दिले जाते. वर्गात हा तपशील मी अनेक वर्षे सांगत आले आहे. मुले तो वहीत लिहून घेतात आणि विसरतात. तो अक्षरशः कसा खरा असतो, हे मला गेल्या दोन वर्षांत माझ्या मांजरीने दाखवले.

तिचे नाव मैना. मांजरीला पक्ष्याचे नाव का, असे येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो. पिल्लू असताना ती अखंड बोलत असे, एवढेच त्याचे उत्तर. आता ती पंधरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे वजन सव्वाचार किलोंवरून तीन किलोंवर आले, पाणी पिणे वाढले, आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन ४.१ निघाले. मांजरांच्या मूत्रपिंडविकाराच्या चार पायऱ्या मानतात, त्यांतली ही तिसरी. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार फार आढळतो. घरगुती मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर; कमी पाण्यावर जगायचे आणि लघवी अत्यंत घट्ट करून पाणी वाचवायचे, हा त्या शरीराचा जन्मजात हिशेब. मूत्रपिंडांत राखीव ताकद इतकी असते की बराच मोठा भाग निकामी होईपर्यंत क्रिएटिनिन वर सरकतही नाही. म्हणजे आजार कळतो तेव्हा तो जुना झालेला असतो. गमावलेला भाग परत येत नाही. करण्यासारखे जे असते ते पाणी, स्फुरद आणि अन्न ह्या तीन गोष्टींभोवती फिरते, आणि त्यांत सर्वांत अवघड निघते ते अन्न.

कारण मैना खाईना.

शेजारपाजारच्यांनी, आणि आमच्या आईनेही, ह्याचा जो अर्थ लावला तो मला लेखनाचा विषय वाटतो. 'तिला कळलंय, तिनं अन्न सोडलंय,' असे सगळे म्हणू लागले. 'अन्न सोडणे' ह्या क्रियापदात एक कर्ता आहे आणि त्याचा निर्णय आहे. आपल्या परंपरेत ह्या निर्णयाला मोठी प्रतिष्ठा आहे. प्रायोपवेशन आहे, जैनांची सल्लेखना आहे, शेवटच्या दिवसांत एकेक पदार्थ वर्ज्य करत गेलेल्या आज्यांच्या कथा घरोघरी आहेत. शिवाय मांजर हा गूढ प्राणी, त्याला मृत्यू आधी कळतो, ही समजूत तयारच असते. एवढी सामग्री हाताशी असल्यावर ताटलीपाशी जाऊन तोंड फिरवणाऱ्या मांजरीत विरक्ती दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

पण संहिता नीट वाचली तर तसे दिसत नाही. मैना ताटलीपाशी जात होती. बोलावल्याशिवाय जात होती. वाकून वास घेत होती, मग ओठांवरून दोनदा जीभ फिरवत होती, घशाखाली काहीतरी गिळत होती आणि मागे सरकत होती. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. ज्याने अन्न सोडले आहे तो दर अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात कशाला येईल? हे वर्तन मी डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले, माझा एकही शब्द न मिसळता. ते म्हणाले, 'मॅडम, ही मळमळ आहे. भूक आहे, पण अन्न जवळ आलं की पोटात ढवळतं.' मूत्रपिंडांनी बाहेर टाकायची द्रव्ये रक्तात साचली की हे होते. त्यांनी ओकारी थांबवणारे औषध दिले, आणि मिर्टाझापिन नावाची, माणसांच्या नैराश्यावर वापरली जाणारी गोळी अगदी लहान तुकडा करून ठरावीक दिवसांच्या अंतराने द्यायला सांगितली. ह्याच औषधाचे मांजराच्या कानाच्या पाळीला लावायचे मलम अमेरिकेत २०१८ साली संमत झाले, हे पुढे वाचनात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मैनेने तीन चमचे खाल्ले. विरक्ती गोळीच्या तुकड्याने जात नसते.

साहित्याच्या अभ्यासकांना अतिअर्थनाचा दोष परिचयाचा आहे. आपण त्याबद्दल एकमेकांना परीक्षणांतून टोचत असतो. एखाद्या कवितेत नसलेला अर्थ वाचला तर कवितेचे फारसे बिघडत नाही. येथे मात्र 'अन्न सोडले' हे वाचन मान्य केले असते, तर हात जोडून बसणे हे पुढचे कर्तव्य ठरले असते. आणि मांजराच्या बाबतीत बसून राहण्याला वेळ नसतो. काही दिवस पोटात अन्न गेले नाही तर अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि ते यकृतच बंद पडू शकते. लंघन हे औषध, ही आपली समजूत ह्या प्राण्याला लागू नाही. चर्चासत्रांत आम्ही देरिदाच्या मांजरीच्या नजरेवर निबंध वाचतो. त्या मांजरीच्या ताटलीवर कोणी बोलत नाही. असो.

मळमळ आटोक्यात आली तरी वासना आपोआप परतली नाही. ती परत आणावी लागली, आणि ती आणण्याचा एकमेव मार्ग नाकातून जातो. मांजराला गोड चव कळतच नाही. त्या चवीच्या ग्राहकासाठी लागणारे जनुकच मांजरात निकामी झालेले आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. आपली खाऊ घालण्याची सारी भाषा गोडाची: तोंड गोड करा, गोडाचा घास, साखरेवर साखर. ती येथे निरुपयोगी. मैनेची ताटली मी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करू लागले, नुकत्याच मारलेल्या उंदराइतपत, हे लिहायला बरे वाटत नाही तरी मोजमाप तेच आहे. थंड अन्नाला गंध नसतो, आणि ज्याला गंध नाही ते मांजराच्या लेखी अन्न नाही. कोंबडीचे उकडलेले पाणी कांदा-लसणाशिवाय, कारण दोन्ही मांजराच्या रक्तपेशी फोडतात. दारावर येणाऱ्या मासळीवालीने मैनेची हकीकत ऐकून मांदेली वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली. 'ताई, बोंबलाचा चुरा टाक वरून, मेलेली मांजर उठंल,' हा सल्लाही तिचाच. सुक्या बोंबलाचा चिमूटभर चुरा खरोखर काम करतो. आमच्या तीनही खोल्या त्याची साक्ष देतात.

मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी तयार अन्न मिळते, स्फुरद कमी असलेले. ते अधिक हितकर आहे ह्याबद्दल वाद नाही. ते मैनेपुढे केव्हा ठेवायचे, हा मात्र नाजूक प्रश्न होता. पोटात ढवळत असताना जो वास नाकाशी आला, तो वास आणि ती यातना ह्यांची गाठ पडते आणि पुढे बरे वाटले तरी सुटत नाही. जॉन गार्सिया ह्यांनी १९५५ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे प्रथम स्पष्ट दिसले. मला मात्र ते वाचताना तिळांचा दृष्टान्त आठवला. फुले काढून घेतली तरी वास उरतो, आणि तो नेहमी सुवासच असेल असे नाही. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते अन्न पहिले तीन आठवडे पुढे आणले नाही, औषध कधी ताटलीत मिसळले नाही, आणि सलाईन ती जेवते त्या खोलीत लावले नाही. खांद्यांच्या मधली कातडी उचलून त्याखाली सोडायचे हे सलाईन एक दिवसाआड मीच लावते. योग्य अन्न न खाण्यापेक्षा अयोग्य अन्न खाल्लेले बरे, हे डॉक्टरांचे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखे वापरले जाते.

आईला हे सारे मानवत नव्हते, आणि त्यामागे कारण होते. माझे वडील, अण्णा, ह्याच विकाराने २०११ साली गेले. शेवटची दोन वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. आईने त्यांचे पथ्य सांभाळले ते एखाद्या व्रतासारखे. भाज्या चिरून, उकळून, वरचे पाणी ओतून द्यायचे, मीठ जवळजवळ नाही, नारळपाणी वर्ज्य, प्यायचे पाणी पेल्याने मोजून. मैनेला कातडीखालून पाणी देताना मला ते मोजलेले पेले आठवतात. एकाच विकारात एकाला पाणी तोडायचे आणि दुसरीला टोचून द्यायचे. अण्णांनाही मळमळ होती, तोंडाला धातूची चव येते असे ते सांगत. तरी ते जेवत. आई वाटी घेऊन समोर बसे आणि म्हणे, 'अहो, माझ्यासाठी एवढा घास घ्या.' आणि ते घेत. त्या घासात भूक नव्हती, रुची नव्हती, असला तर पन्नास वर्षांच्या संसाराचा संकोच होता. 'माझ्यासाठी' ह्या एका शब्दावर माणूस वासनेवाचून महिनोन्महिने जेवू शकतो.

मराठीत ह्या कामासाठी शब्दांची वाण नाही. आग्रह आहे, आर्जव आहे, मनधरणी आहे. भरवणे आहे, चारणे आहे, आणि ह्या सर्वांच्या टोकाला कोंबणेही आहे. ह्यांतला प्रत्येक शब्द समोरच्याला भाषा कळते असे गृहीत धरतो. नामदेवाच्या कथेत तर देवालाही ती कळते. बाल नामदेव नैवेद्य घेऊन राऊळात जातो, देव जेवत नाही म्हणून रडतो, प्राण द्यायला निघतो, आणि विठ्ठल जेवतो. महिपतींनी ही कथा 'भक्तविजया'त सांगितली आहे आणि माझ्या आईची ती अतिशय आवडती. तिच्या दृष्टीने आग्रहापुढे दगडाची मूर्ती जेवते, तर मांजरीने का जेवू नये? ती मैनेसमोर बसे, बोटाने तिच्या ओठाला अन्न लावी, 'खा गं बाई, एवढंच खा,' म्हणून विनवी. मैना उठून पलंगाखाली जाई.

मैना कोणासाठीही खात नाही. हे मला सुरुवातीला कठोर वाटले, नंतर त्यात एक प्रकारचा दिलासा जाणवला. तिने खाल्लेला प्रत्येक चमचा तिला हवा होता म्हणून खाल्लेला असतो. अण्णांच्या बाबतीत आम्हांला हे कधीच सांगता आले नसते. वही ठेवली आहे: वार, वेळ, काय, किती ग्रॅम. दिवसाला साठ ग्रॅमच्या वर आकडा गेला की तो आठवडा बरा. कधी तो वीसवर येतो. मग मळमळीचे औषध, मग मांदेली, मग बोंबलाचा चुरा, ह्या क्रमाने आम्ही पुन्हा वर चढतो. दर वेळी आधीच्या उंचीपर्यंत चढतोच असे नाही. वजन सध्या २.८ किलो आहे.

पिचकारीने तोंडात अन्न सोडण्याचा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आला. मानेतून अन्ननलिकेत नळी घालण्याचाही. नळी मांजरे चांगली सहन करतात आणि ती हा विकार असलेल्या अनेकांना उपयोगी पडते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. ह्या वयात भूल द्यायची का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पिचकारीला मी नकार दिला. अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती आहेच, पण मुख्य म्हणजे ताटलीपाशी येणे हे एवढे एकच काम तिच्या इच्छेने चाललेले होते, ते मला तिच्याकडून काढून घ्यायचे नव्हते. आईशी ह्यावरून बोलणे झाले, थोडे चढ्या आवाजात. 'उपाशी मारणार का तिला?' असे तिने विचारले. मी तिला वही दाखवली. तिने चष्मा लावून सगळे आकडे वाचले, अगदी पहिल्या पानापासून, आणि एके ठिकाणी बेरीज चुकली आहे का म्हणून पुन्हा केली. बरोबर होती.

नळीचे आम्ही अजून ठरवलेले नाही. येत्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचे आहे. दरम्यान सकाळच्या ताटलीचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. ती गरम पाण्यात ताटली धरते, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहते, खिडकीखाली नेऊन ठेवते, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून जाते.